उताराची बाजू

प्रिय पोरी,

गाडी सुरू करण्याआधी हे वाच. किल्ली मुद्दामच पाकिटात घातली आहे, म्हणजे वाचल्याशिवाय तुझी सुटका नाही. एकाच छपराखाली राहणारी सासू सुनेला पत्र लिहिते म्हणून तू आधी हसशील आणि मग चष्मा कपाळावर सरकवून, आता हिने काय नवीन काढलं, असं पुटपुटशील. तोंडाने सांगायला गेले असते तर तू दुसऱ्या वाक्यालाच मला तोडलं असतंस आणि चहा टाकायला उठली असतीस. माझा लेक गेल्यापासून अवघड विषय निघाला की आपण दोघी चहाच टाकतो. आपल्या घरातला चहाचा खप उगाच वाढलेला नाही.

आधी कामाचं. तू माहेरी गेलीस तेवढ्या दिवसांत मी गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमधली जोडी बदलली. मागच्या दोन चाकांच्या मधोमध तो लोखंडी गोळा आहे ना, ज्याला तू गाडीचं पोट म्हणतेस, त्यात एक मोठं दातेरी चाक असतं, क्राउन, आणि त्याला फिरवणारं एक छोटं, पिनियन. छोटं किती वेळा फिरलं की मोठं एकदा फिरतं, त्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. आतापर्यंत आत लेकाने डोंगर चढायच्या शर्यतींसाठी बसवलेली डोंगराची जोडी होती, नऊ दातांना एकेचाळीस. चढावर गाडी चवताळून उठायची, पण सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला की इंजिन बोंबलायचं आणि शेजारच्याशी बोलायचं तर घसा फोडावा लागायचा. आता दहा दातांना सदतीस आहेत. कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा हीच जोडी होती. सिग्नलवरून निघताना ती तुला जरा आळशी वाटेल, क्लच हळू सोड. पण मोठ्या सरळ रस्त्यावर ती आता दिवसभर न दमता, न ओरडता चालेल.

दुसरं, आणि हे नीट लक्षात ठेव, वेगाच्या काट्याचं. काट्याची तार चाकांपासून येत नाही, गिअरबॉक्सपासून येते. त्यामुळे मागची जोडी बदलली की काट्याचं गणित बिघडतं, आणि ते जुळवायला गिअरबॉक्सच्या टोकाचा एक बोटभर दातेरी तुकडा बदलावा लागतो. डोंगराची जोडी बसवली तेव्हा तो बदलला नव्हता. म्हणजे तू या गाडीत पहिल्यांदा बसलीस त्या दिवसापासून तो काटा तुझ्याशी खोटं बोलत आला आहे. तो साठ दाखवायचा तेव्हा गाडी पन्नासाच्याही आत असायची. बॅटरी उतरू नये म्हणून तू रविवारी गाडी बाहेर काढायचीस आणि मागचे ट्रकवाले हॉर्न मारून डोकं खातात म्हणून तणतणत परत यायचीस, त्यात त्या बिचाऱ्यांची काही चूक नव्हती. आता मूळची जोडी परत आल्यामुळे काटाही आपोआप खरा झाला आहे. तुझे साठ आता खरेच साठ असतील, तेव्हा जुन्या सवयीने पाय दाबू नकोस. तो तुकडा का बदलला नव्हता तेही सांगणार आहे, पण ते मला एका दमात जमणार नाही.

ही गाडी तुझ्या सासऱ्यांनी भंगारातून आणली तेव्हा नुसता सांगाडा होता. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. घरात माणसं तीन आणि गाडी दोघांची, एवढंही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मग त्यांनीच मला हाताखाली घेतलं, आणि क्राउन-पिनियन बसवायचं नाजूक काम माझ्या बोटांना त्यांच्यापेक्षा बरं जमतं हे दोघांच्याही लक्षात आलं. त्यांनी ते मोठ्या मनाने मान्य केलं असं नाही, पण अवघड जोडी आली की ते हळूच माझ्यापुढे सरकवायचे. ते गेल्यावर त्यांचं गिअरचं वर्कशॉप चालू राहिलं ते त्यामुळेच. पण या कामाला बोटांइतकेच कान लागतात. जोडी केसभर जरी चुकली तरी रस्त्यावर ती गायला लागते, बारीक, शिट्टीसारखं. ते गाणं मला ऐकू येईनासं झालं तेव्हा लेक मला ओढत तुझ्या दवाखान्यात घेऊन आला. तू मला त्या गादीच्या भिंतींच्या खोलीत बसवलंस, कानांना हेडफोन लावलेस आणि आवाज आला की बटण दाबा म्हणालीस. मी काचेतून तुझ्या हाताकडे बघून बटण दाबत होते. तू ते पकडलंस, माझी खुर्ची भिंतीकडे फिरवलीस, आणि तो इतका हसला की तुला त्याला बाहेर काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचे कान तपासायला आला. त्याच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. माझ्या बहिरेपणामुळे तुमचं जमलं, हे उपकार मी मरेपर्यंत ऐकवणार आहे.

आता काट्याचं. शर्यतीच्या दिवशी मी तुला व्हॅनमधून वर, शेवटच्या वळणाशी घेऊन जायचे. चढताना गाडीत एकच माणूस, असा नियम. आपण दोघी कठड्यावर बसून खालून येणारा आवाज ऐकायचो, म्हणजे ऐकायचीस तू आणि मला सांगायचीस, आता झाडीतल्या वळणावर आहे, आता गिअर उतरवला. मग तो वर यायचा, हेल्मेट काढायचा, कितवा आलो हेसुद्धा न विचारता तुला शेजारी बसवायचा आणि डोंगर उतरायला लागायचा. मागून व्हॅन घेऊन मी. खाली पोचेपर्यंत तुमचं भांडण जुंपलेलं असायचं. उतारावर साठ, तेही मी शेजारी असताना, माझ्या जिवाचं काही पडलंय की नाही तुला, असं तू म्हणायचीस. तो नुसता हसायचा. काटा साठावर गेला की तू त्याचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरायचीस, ते मला मागून दिसायचं. एकदा मी त्याला म्हणाले, अरे तो तुकडा बदलून टाक, चहा निवायच्या आत होणारं काम आहे, ती पोरगी उगाच घाबरते. तर म्हणाला, आई, काटा खरा केला तर ती माझा हात कशाला धरेल? मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि विषय सोडून दिला. त्याच्या हौसेला माझी फूस होती म्हण हवं तर.

त्याचं दुखणं रक्तातलं निघालं, आणि निघालं तेही उशिरा. अंगात ताप घेऊन तो कितीतरी दिवस कामावर येत होता, आणि विचारलं की झोप झाली नाही म्हणायचा. त्याला जाऊन वर्ष झालं त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून म्हणालीस ते मला पाठ आहे. त्याला कशाचीच पर्वा नव्हती, ना स्वतःची, ना माझी. मला उतारावरून साठने नेणारा माणूस, तो कुठला वेळेवर डॉक्टरकडे जायला. तुझा आवाज चढला होता, आणि माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की पोरी, ते साठ नव्हतेच. पण मी बोलले नाही. तेव्हा तुझ्याजवळ धरायला तो राग एवढाच होता. तोही काढून घेतला असता तर तू कशाला धरून उभी राहिली असतीस ते मला कळेना. मग अर्थातच मी चहा टाकला.

परवा मी ती डोंगराची जोडी बाहेर काढली. तेल काळं झालं होतं, ते ओघळून जाऊ दिलं, क्राउन फडक्याने पुसलं आणि मांडीवर घेऊन खिडकीच्या उजेडात बसले. आमच्या कामात काढलेली जोडी अशी वाचायची पद्धत असते. प्रत्येक दाताला दोन बाजू. इंजिन गाडी ओढतं तेव्हा एक घासते, आणि उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलून गाडी इंजिनावर धरून ठेवली की दुसरी. आम्ही त्यांना चढाची बाजू आणि उताराची बाजू म्हणतो. गिऱ्हाईक कितीही शपथेवर सांगो की मी जपून चालवतो, दात बघितले की त्याची लबाडी कळते. त्याची चढाची बाजू मला ठाऊक होती तशीच होती, घासून घासून आरशासारखी झालेली, काठाला बारीक चरे. एकटा असला की तो गाडीला सोडत नसे. मग मी क्राउन फिरवून उताराची बाजू बघितली. शर्यतवाल्यांच्या गाडीत ही बाजू वाईट असते. ही मंडळी उतारावर गाडी मोकळी सोडतात, मग वळणाशी घाबरून धरतात, आणि प्रत्येक हिसका दातांवर उमटतो. त्याच्या दातांवर एक हिसका नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी, मऊ चकाकी होती. प्रत्येक दात तसाच. आणि तुझ्याशिवाय कुणाला शेजारी बसवून तो डोंगर उतरलेला मला तरी आठवत नाही. पोरी, त्याने तुला दर वेळी तळहातावर घेऊन खाली आणलं आहे. हे मी त्याची आई म्हणून सांगत नाही, गिअरवाली म्हणून सांगते. मी त्या दातांवरून अंगठा फिरवत कितीतरी वेळ बसले आणि मग चांगली मोठ्याने रडले, कारण घरात तू नव्हतीस.

ती जोडी मी तारेने एकत्र बांधून, ग्रीसच्या कापडात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवली आहे. ती मागू नकोस. गाडी तुझी, पण ती जोडी माझी.

हे सगळं आताच का काढलं, असं तुझ्या मनात आलं असेल. तू माहेरी निघालीस त्याच्या आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये फोन आला होता. समुद्राकाठच्या त्या मुलांच्या रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या, तुझा फोन लागत नव्हता म्हणे. फोनवरचं मला अर्धंमुर्धंच कळतं, पण हे सगळं कळलं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बाळांना यंत्र बसवून पहिल्यांदा आईचा आवाज ऐकवायचा, या कामाचं तू लग्नाआधीपासून बोलतेस. ते तुला मिळालं आणि तू नको म्हणालीस. कारण काय दिलंस, तर घरी सासू एकटी आहे, तिचं वय झालंय, तिला ऐकू येत नाही. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवते, एवढं तिला सांगा, असं त्या म्हणाल्या. मी सांगते म्हणाले. फोन ठेवला आणि आधी मला राग आला. वय झालंय म्हणे. अगं, मी अख्खं डिफरन्शियल एकटीने खाली उतरवलं. बरं, एकटीने नाही, पलीकडच्या रंगाऱ्याने एका बाजूने धरलं, पण त्याची कंबर लचकली, माझी नाही. मग राग ओसरला आणि जे उरलं त्याचं काय करायचं ते कळेना. म्हणून जॅक काढला.

मूळची जोडी त्याने जपून ठेवली होती, तशीच तारेने बांधून. क्राउन आणि पिनियन एकमेकांशी घासून तयार झालेले असतात, एकाला दुसऱ्या जोडीतला जोडीदार चालत नाही, म्हणून बांधून ठेवायचे. बेअरिंग मात्र मी सगळे नवे घातले. दातांना पिवळा रंग लावायचा, हाताने फिरवायचं आणि रंग कुठे दाबला गेला ते बघायचं. पहिल्यांदा ठसा दाताच्या बुडाशी आला. पुन्हा सगळं उघडलं, पिनियनमागची पत्र्याची पातळ चकती बदलली. दुसऱ्यांदा काठाशी आला. तिसऱ्यांदा बरोब्बर मधोमध, दोन्ही बाजूंना. उताराच्या बाजूला जास्तच वेळ घालवला, ते तू समजून घे. मग गाडी बाहेर काढली आणि गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर नेली. मला काहीही ऐकू आलं नाही. आता हे काम चोख झालं म्हणून, की माझे कान गेले म्हणून, ते कोण सांगणार? आधी तो शेजारी बसून सांगायचा. रंगाऱ्याला बसवलं होतं, पण तो म्हणाला, मावशी, मला फक्त माझ्या कंबरेचा आवाज येतोय. तेव्हा ऐकायचं काम तुझ्यावर आहे. पाय दाबल्यावर गायली तर एक दोष, पाय उचलल्यावर गायली तर दुसरा. काहीही ऐकू आलं तर फोन करून सांग, आणि जरा खालच्या पट्टीत बोल.

कानांवरून आठवलं. माझे कान गेले आहेत ते वरच्या, बारीक आवाजांसाठी. तुझ्याच त्या आलेखावर रेघ कुठून घसरते ते तूच मला बोट ठेवून दाखवलंस. उशीत तोंड खुपसून रडलेलं त्या पट्टीत नसतं, पोरी. ते मला भिंतीपलीकडून व्यवस्थित येतं. मी आत येत नाही कारण मी आले की तू थांबतेस आणि मला धीर द्यायला लागतेस. दोन वर्षं आपण एकमेकींना अशाच सांभाळत आहोत, आणि मी तुला खरं सांगू, मला ते फार आवडतं. सुरुवातीला तू मला 'अहो आई' म्हणायचीस आणि मला वाटायचं कुणी पाहुणी बाई आली आहे की काय. तो गेल्यावर ते 'अहो' कधीतरी आपोआप गळून पडलं. एकदा न्हाणीघरातून ओरडलीस, आई, टॉवेल दे गं. मी कपाटातला कोरा टॉवेल काढून दिला. तू गेल्यावर हे घर मला खायला उठेल. संध्याकाळी दोन कप काढायची सवय जाणार नाही. मला तू हवी आहेस, अगदी स्वार्थाने हवी आहेस. हे लिहून ठेवते, म्हणजे सासूने घराबाहेर काढलं असं तुला कधी वाटायला नको. पण ज्या बाळांना आईची हाक ऐकू येत नाही त्यांना तू माझ्याहून जास्त हवी आहेस. तुझ्या मनाने नाही म्हणणार असशील तर म्हण, मी एक अक्षर बोलणार नाही. माझ्या नावाने म्हणू नकोस. माझा पोरगा उतारावर तुला जपून न्यायचा, आणि मी तुला इथे चढाच्या पायथ्याशी अडकवून ठेवलं तर त्याला काय तोंड दाखवू?

गाडी ताब्यात देताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक वाक्य सांगते. तू त्याची नक्कलही करतेस, कमरेवर हात ठेवून. पाचशे किलोमीटर झाले की परत आणा, तेल बदलायचं आहे. नव्या बेअरिंगांचा चुरा पहिल्या तेलात उतरतो, तो काढून टाकावा लागतो. हे न सांगता या दारातून मी आजवर एकही गाडी सोडलेली नाही. तुझं ते शहर त्याच्याही पलीकडे आहे, आणि रस्ता जवळजवळ सगळा सरळ. डिकीत तेलाचा डबा, तांब्याचं वॉशर आणि तुझ्या सासऱ्यांचा पाना ठेवला आहे. तिथल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला दे, तो करून देईल. डॉक्टरीणबाईंना मी तू येतेस म्हणून कळवलेलं नाही, ते तू कळव. मला भेटायला वाटेल तेव्हा ये, दोन कप काढलेलेच असतील. वाटेत एकच मोठा उतार आहे, तिथे पाय उचल, गाडी इंजिनावर धर आणि काटा साठाच्या आत ठेव, कारण आता तो खरं सांगतो आणि धरायला शेजारी त्याचा हात नाही. आणि पाचशे किलोमीटर झाले की गाडी परत आणू नकोस.

तुझीच,
आई